ओक वृक्ष आणि तीन मुकुट : एका कुलचिन्हाचे वाचन



विद्यालयाच्या स्वेटरवर लावण्यासाठी एक नवे बोधचिन्ह करून घ्यावे, अशी सूचना गेल्या सत्रात कार्यकारिणीच्या बैठकीत आली होती. त्याप्रमाणे एका छपाईवाल्याने चार नमुने पाठवले. चारही नमुन्यांत एक ढाल, ढालीच्या दोन्ही बाजूंना उभे सिंह, मध्ये उघडे पुस्तक, वर मशाल आणि खाली लॅटिन भाषेतील पट्टी होती. नमुने सुबक होते यात शंका नाही. आम्ही ते सहज सातवीच्या वर्गात दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "हे सिंह आपल्या शाळेत कधी आले होते?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण तिला उत्तर देता आले नाही. विश्वस्त मंडळींना हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्यांनी याच विषयावर वार्तापत्रात लिहिण्याची आज्ञा केली.

हा विषय आम्हास अगदीच नवा नाही. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि इंग्लंडचा इतिहास आम्ही हिंदी पुस्तकांतूनच वाचला. परीक्षेपुरत्या सनावळ्या पाठ केल्या, त्यातल्या बहुतेक विसरलो. मात्र एका राजपक्षीय अधिकाऱ्याच्या कुलचिन्हाची गोष्ट लक्षात राहिली. त्या ढालीवर एकही सिंह नाही. एक झाड आहे, आणि ते झाड तिथे का आले हे दिवस-तारखेसह सांगता येते. आज तीच ढाल आपण एकेक भाग करून वाचू.

आधी थोडी पूर्वपीठिका. युरोपात कुलचिन्हांची पद्धत बाराव्या शतकात रुळली. सरदाराचा चेहरा शिरस्त्राणात झाकलेला असे, म्हणून ढालीवर आणि चिलखतावरून घालायच्या डगल्यावर ठरावीक चित्र काढीत. त्या डगल्यावरूनच इंग्रजीत 'कोट ऑफ आर्म्स' हे नाव पडले. पुढे ही चित्रे बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागली. कोणते चिन्ह कोणाचे यावरून भांडणे होऊ लागली, तेव्हा राजदरबारी नोंदी ठेवणारे अधिकारी आले. लंडनमध्ये अशा अधिकाऱ्यांची संस्था १४८४ साली स्थापन झाली आणि ती आजही काम करते. आपली गोष्ट घडली सतराव्या शतकात. तोवर लढाया बंदुकांनी आणि तोफांनी होत होत्या, चेहरा झाकून लढणारे सरदार मागे पडले होते. रणांगणावर ओळख पटवणे हे कुलचिन्हाचे काम उरले नव्हते. उरला होता तो सन्मान.

इंग्लंडमध्ये १६४२ साली राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले. राजा हरला, आणि ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स स्कॉटलंडहून सैन्य घेऊन इंग्लंडमध्ये उतरला. ३ सप्टेंबर १६५१ रोजी वूस्टर येथे क्रॉमवेलच्या फौजेने त्या सैन्याचा पुरता पराभव केला. चार्ल्स त्या वेळी २१ वर्षांचा होता. रातोरात सुमारे ४० मैल दौड करून तो श्रॉपशायर परगण्याच्या सीमेवरील जंगलात पोहोचला. तेथे पेंडरेल नावाचे पाच भाऊ राहत असत. कोणी लाकूडतोड करी, कोणी शेत कसे, एक पिठाची चक्की चालवी. त्यांनी राजाचे लांब केस कापले, त्याला जाडेभरडे कपडे घातले. त्यांतला रिचर्ड राजाला घेऊन सेव्हर्न नदी ओलांडून वेल्समध्ये जाण्यासाठी रात्री पायी निघाला. पण नदीच्या उतारांवर पहारे बसले होते. दोघे परत फिरले. दुसऱ्याचे जोडे घातल्यामुळे राजाचे पाय सोलवटून निघाले होते. ६ सप्टेंबरच्या पहाटे ते बॉस्कोबेल नावाच्या घरापाशी आले.

याच परिसरात आपला अधिकारी लपून बसला होता. त्याचे नाव विल्यम केअरलेस. हो, तोच शब्द, जो तुमच्यापैकी काहींच्या प्रगतिपुस्तकात शेरा म्हणून येतो! हा मेजर केअरलेस मात्र मुळीच निष्काळजी नव्हता. वूस्टरला शेवटपर्यंत लढून तो निसटला होता आणि त्याचे स्वतःचे घर जवळच असल्याने त्याला तिथली वाट न् वाट ठाऊक होती. त्याने राजाला सांगितले की घरात राहणे धोक्याचे आहे आणि रानात राहणेही धोक्याचे आहे, कारण शत्रू रान धुंडाळणारच. त्यापेक्षा मोकळ्या जागी जे मोठे ओकचे झाड आहे त्यावर चढावे, तिथून चारी बाजू दिसतात.

'ओक' म्हटले की आपल्याकडे आधी आडनाव आठवते. झाडाला हिंदीत बलूत म्हणतात आणि उत्तराखंडात याच जातीतले झाड बांज म्हणून ओळखतात. बॉस्कोबेलचे झाड तीन-चार वर्षांपूर्वी वरून छाटलेले होते. छाटलेल्या झाडाला कसा दाट फुटवा येतो हे आपल्या आवारातली कडुनिंबाची झाडे पाहून तुम्हाला कळेल. त्या फुटव्यामुळे आतले काही दिसत नव्हते. थोडी भाकरी, चीज आणि हलकी बीअर एवढी शिदोरी घेऊन दोघे वर चढले आणि दिवसभर तिथेच बसले. खाली रानातून सैनिक फिरत होते, ते त्यांना दिसत होते. हा वृत्तांत खुद्द राजाने १६८० साली सॅम्युएल पेपीस या गृहस्थाला तोंडी सांगून लिहवून घेतला, म्हणून तो भरवशाचा.

इतर जुन्या वृत्तांतांत आणखी बारकावे येतात. दोन रात्री जागलेला राजा केअरलेसच्या हातावर डोके ठेवून झोपला. राजा सहा फुटांहून उंच आणि धिप्पाड होता. हाताला मुंग्या आल्या, पकड सुटून राजा खाली पडेल अशी वेळ आली, आणि सैनिक जवळ असल्यामुळे हाक मारता येईना. शेवटी केअरलेसने राजाला चिमटा काढून जागे केले. राजाला चिमटा काढण्याचा मान किती जणांना मिळाला असेल! त्याच दिवशी भावांपैकी हम्फ्री, जो चक्की चालवी, त्याला एका अधिकाऱ्याने धरले. राजाला पकडून देणाऱ्यास १,००० पौंड इनाम आणि लपवणाऱ्यास मृत्युदंड, असे त्याला बजावले. त्या काळी एवढी रक्कम मजुराच्या कित्येक जन्मांची कमाई होती. हम्फ्रीने काही माहीत नाही म्हणून सांगितले आणि घरी आला.

पुढे कितीतरी घरांच्या आश्रयाने राजा दक्षिण किनाऱ्यावर पोहोचला आणि ऑक्टोबर १६५१ मध्ये बोटीतून फ्रान्सला गेला. केअरलेसही देशाबाहेर पडला. त्यानंतरची जवळजवळ नऊ वर्षे राजाने परमुलखात काढली. राज्य नाही, खजिना नाही, जेवणाचे पैसे द्यायची भ्रांत. अशा स्थितीत, १६५८ साली, त्याने केअरलेसला राजपत्र दिले. त्यात दोन गोष्टी दिल्या. पहिली नवे आडनाव, कार्लोस. स्पॅनिश भाषेत चार्ल्सलाच कार्लोस म्हणतात, म्हणजे राजाने आपलेच नाव त्याला दिले, आणि तेही जुन्या आडनावाशी उच्चारात जुळणारे. दुसरी गोष्ट कुलचिन्ह. राजाच्या हाती देण्यासारखे तेवढेच होते. ज्या देशात ते चिन्ह मिरवायचे तिथे त्या क्षणी क्रॉमवेलची सत्ता होती, हे विसरू नका.

आता ढाल वाचू. कुलचिन्हाचे वर्णन ठरावीक क्रमाने करतात : आधी पार्श्वभूमीचा रंग, मग मुख्य वस्तू, मग तिच्यावरून जाणाऱ्या वस्तू. कार्लोसच्या ढालीचे वर्णन असे : सोनेरी पृष्ठभाग, त्यावर हिरव्या टेकाडावर नैसर्गिक रंगातील ओक वृक्ष, सर्वांवरून आडवा लाल पट्टा, आणि पट्ट्यावर तीन सोनेरी राजमुकुट. संपली ढाल. या शास्त्रात शब्दांतले वर्णन प्रमाण मानतात, चित्र नव्हे. एका चित्रकाराने झाडाला वीस पाने काढली आणि दुसऱ्याने पन्नास, तरी दोन्ही चित्रे बरोबर. पट्टा लालऐवजी निळा केला तर मात्र ती ढाल कार्लोसची राहत नाही.

झाड कशाचे ते सांगायला नको. मुकुट तीन का? चार्ल्सचा दावा तीन राज्यांवर होता : इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड. पैकी स्कॉटलंडमध्ये स्कोन येथे १ जानेवारी १६५१ रोजी त्याला राज्याभिषेक झालाही होता. चित्र नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. पट्टा झाडावरून जातो, त्यामुळे तिन्ही मुकुट फांद्यांच्या उंचीवर येतात. जमिनीपासून वर, पानांच्या मध्ये. राजा त्या दिवशी जिथे होता तिथेच. चिन्ह रचणाऱ्याच्या मनात हे होते की नाही कोण जाणे, आम्हास मात्र हे पाहून फार आनंद झाला.

ढालीच्या वर जे बसवतात त्याला शिरचिन्ह म्हणू. कार्लोसच्या शिरचिन्हात ओकच्या पानांचे कडे आहे आणि त्यातून तलवार व राजदंड एकमेकांना छेदून जातात. तलवार अधिकाऱ्याची, राजदंड राजाचा, एवढे सहज कळते. पानांच्या कड्याचा अर्थ मात्र रोमच्या इतिहासात शोधावा लागतो. प्राचीन रोममध्ये लढाईत एखाद्या नागरिकाचे प्राण वाचवणाऱ्या सैनिकाला ओकच्या पानांचा मुकुट देत. किल्ला जिंकणाऱ्याचा मान वेगळा आणि जीव वाचवणाऱ्याचा वेगळा. म्हणजे ओक इथे दोनदा आला, ढालीवर प्रत्यक्ष झाड म्हणून आणि वर जुन्या रोमन प्रथेचा दाखला म्हणून. खाली ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे. त्याचा आशय असा की राजाचा एकनिष्ठ प्रजानन हाच राज्याचे रक्षण.

रंगांविषयी एक नियम सांगतो, तो चित्रकलेच्या तासाला उपयोगी पडेल. या शास्त्रात सोनेरी आणि रुपेरी यांना धातू म्हणतात. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू ठेवू नये आणि रंगावर रंग ठेवू नये, असा नियम आहे. कारण अगदी व्यवहारी : दुरून दिसले पाहिजे. पिवळ्या पाटीवर काळे आकडे टॅक्सीला, पांढऱ्या पाटीवर काळे आकडे घरच्या गाडीला, हे तुम्ही रोज पाहता. तेही याच नियमात बसते. कार्लोसची ढाल तपासा. सोनेरीवर लाल पट्टा, लालवर सोनेरी मुकुट. नियम पाळला आहे. झाड नैसर्गिक रंगात असल्याने त्याला सूट आहे.

सोनेरी म्हणजे औदार्य, लाल म्हणजे शौर्य, असे तक्ते बाजारात मिळतात. त्यांवर फार विसंबू नये. रंगांचे असे अर्थ नंतरच्या ग्रंथकारांनी जोडले, त्याला अधिकृत आधार नाही. तसेच आडनाव सांगितले की कुलचिन्ह काढून देणारेही आहेत. खरे पाहता इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते. असो.

आता पेंडरेल भावांकडे वळू. राजा २९ मे १६६० रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, लंडनमध्ये परतला. हाच तो राजा, ज्याला पुढे पोर्तुगीज राजकन्येशी विवाहात मुंबई बेट मिळाले आणि ज्याने १६६८ साली ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकले. त्याच्या विस्मरणाच्या आणि उधळेपणाच्या कथा पुष्कळ आहेत, पण पेंडरेलांना तो विसरला नाही. भावांना कायमचे वर्षासन बांधून दिले, जे त्यांच्या वंशजांपैकी काहींना आजही मिळते. कार्लोसला लंडनमध्ये येणाऱ्या गवत आणि पेंढ्यावरील करातला हिस्सा मिळाला. आणि पेंडरेलांनाही कुलचिन्ह मिळाले.

ते चिन्ह पाहून आम्ही चकित झालो. झाड तेच, टेकाड तेच, आडवा पट्टा तोच आणि मुकुटही तीनच. फक्त पृष्ठभाग सोनेरीऐवजी रुपेरी आणि पट्टा लालऐवजी काळा. एका देशात दोन घराण्यांची ढाल तंतोतंत सारखी असू शकत नाही, म्हणून हा रंगभेद. लष्करी अधिकारी खानदानी आणि हे भाऊ लाकूडतोडे व चक्कीवाले. पण घडलेला प्रसंग एकच, म्हणून चित्रही एकच. काळा रंग दिला म्हणजे कमी लेखले असे समजू नये, कारण त्या शास्त्रात काळ्याला कसलाही कमीपणा नाही.

तरीही एक गोष्ट आम्हास खटकते. विल्यम पेंडरेलची पत्नी जोन हिचे नाव जुन्या वृत्तांतांत येते. राजा झाडावर असताना ही बाई हातात आकडी घेऊन काटक्या गोळा करण्याच्या निमित्ताने झाडाच्या आसपास फिरत राहिली, म्हणजे कोणी आले तर कळावे. सैनिकांच्या अगदी समोर ती होती. झाडावर बसणाऱ्यांना पाने तरी होती, तिला तेवढाही आडोसा नव्हता. ढालीवर तिची आकडी आली असती तर? पण ढाली पुरुषांच्या, आणि काटक्या गोळा करणे हे त्या काळी सांगण्याजोगे काम मानले गेले नसावे. कुलचिन्ह वाचताना त्यावर काय आहे हे जसे पाहायचे, तसे काय नाही हेही विचारत जा.

मूळ झाडाचे पुढे काय झाले, असे आठवीच्या मुलांनी विचारले. राजा परतल्यावर लोकांनी आठवण म्हणून फांद्या आणि साली इतक्या तोडून नेल्या की ते झाड काही दशकांत नामशेष झाले. आज तिथे जे झाड दाखवतात ते त्याचे वंशज मानले जाते. २९ मे हा दिवस पुढे दोनशे वर्षे इंग्लंडमध्ये सरकारी उत्सव होता, त्या दिवशी लोक ओकची डहाळी अंगावर लावीत. १८५९ साली तो उत्सव कायद्याने बंद झाला, पण तिथल्या अनेक मद्यगृहांच्या पाट्यांवर 'रॉयल ओक' हे नाव आजही दिसते.

आपल्या शहराशी या शास्त्राचा संबंध आला तो बऱ्याच उशिरा. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबार भरला, तेव्हा इंग्रज सरकारने संस्थानिकांना युरोपीय पद्धतीची चिन्हे असलेली निशाणे दिली. बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधील रॉबर्ट टेलर यांनी ती चिन्हे रचली होती. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा मराठी संस्थानांच्या वाट्याला याच काळात ढाली आल्या. पण ढालीवरची चित्रे सगळीच परकी नव्हती. ग्वाल्हेरच्या राजचिन्हातील सूर्य आणि नाग इथलेच. बाड्याकडे गेलात तर जुन्या संस्थानी इमारतींवर नाग कुठे कोरले आहेत ते शोधा. पालकांनीही थोडे थांबून मुलांना दाखवावे.

आपले वार्तापत्र एकाच रंगात छापले जाते, म्हणून इथे रंगीत ढाल देता येत नाही. जुन्या मुद्रकांनाही हीच अडचण होती, आणि सतराव्या शतकातच त्यावर उपाय निघाला होता. सोनेरीसाठी ठिपके, रुपेरीसाठी कोरी जागा, लालसाठी उभ्या रेषा, निळ्यासाठी आडव्या रेषा, काळ्यासाठी उभ्या-आडव्या रेषांची जाळी, हिरव्यासाठी तिरप्या रेषा. दोन्ही ढालींच्या रेषाकृती सूचना-फलकावर लावल्या आहेत. पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी त्या उतरवून घ्याव्यात, रेषा ओळखून रंग भरावेत आणि कोणती ढाल कोणाची ते खाली लिहून कागद शनिवारपर्यंत चित्रकलेच्या बाईंकडे द्यावेत.

राहिला सिंहांचा प्रश्न. छपाईवाल्याचे नमुने आम्ही आभार मानून परत केले. त्यानंतर सातवीच्या वर्गाने फळ्यावर एक यादी केली : आपल्या शाळेत खरोखर घडलेल्या आणि चित्रात काढता येतील अशा गोष्टी. यादी लहानच झाली. त्यात सर्वांत वर आहे आपली घंटा. ती घंटा नसून लोखंडी रुळाचा तुकडा आहे हे तुम्ही जाणताच. तो ग्वाल्हेरच्या नॅरो गेज रेल्वेच्या रुळाचा आहे आणि शाळेच्या सुरुवातीच्या दिवसांत कोणा पालकाने तो खांद्यावरून वाहून आणला, असे आमचे जुने शिपाईमामा सांगत. एका विश्वस्तांना ही गोष्ट मान्य आहे, दुसऱ्यांच्या मते तुकडा भंगारातून विकत घेतला होता. ज्या आजी-आजोबांनी किंवा माजी विद्यार्थ्यांनी तो टांगताना पाहिला असेल, अथवा ज्यांच्याकडे त्या वेळचे छायाचित्र वा पावती असेल, त्यांनी कृपया कार्यालयात येऊन सांगावे. तोपर्यंत यंदाचे स्वेटर साधेच राहतील.